वर्दी कुणाची, धुणं कुणाचं?

राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी एक परिपत्रक काढलं. शासकीय कार्यालयांत कुणी काय घालावं आणि काय घालू नये, हे त्यात बारकाईने लिहिलं होतं. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, पायात स्लिपर नको. महिलांनी साडी, सलवार-कुर्ता किंवा ट्राउझर-शर्ट घालावा, पुरुषांनी शर्ट-पँट. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही हे लागू होतं. पुढे काही महिन्यांत जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची तशीच राहिली. कामासाठी येणारा माणूस कर्मचाऱ्याच्या कपड्यांवरून सरकारबद्दल मत बनवतो, हे या नियमामागचं कारण.

कारण खोटं नाही. पण हा कागद रत्नागिरीत वाचून पाहा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत दोरीवर टाकलेला शर्ट तिसऱ्या दिवशीही दमट लागतो आणि त्याला कुबट वास येतो. कातळावरून, लाल चिखलातून, एसटीच्या गळक्या खिडकीशेजारी बसून जो कारकून दहा वाजता टेबलाशी पोचतो, त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत लाल असतात. तो गबाळा नसतो, तो पावसातून आलेला असतो. कपडे कसे दिसावेत हे एवढं सविस्तर सांगणाऱ्या कागदाने ते कुणाच्या पैशाने घ्यायचे, कुठे वाळवायचे, कुठे बदलायचे यावर मात्र विचार केला नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की कामावरच्या कपड्यांचा हुकूम जो काढतो, त्या कपड्यांची जबाबदारीही त्याचीच. कापडाची, शिलाईची, धुण्याची, वाळवण्याची आणि आतल्या अंगाचीही. ही जबाबदारी झटकून काढलेला हुकूम हा शिस्तीचा नियम राहत नाही, तो गरिबाच्या पगारावर बसवलेला कर होतो.

हे म्हणताना मी गणवेशाच्या विरोधात नाही. कोकणातल्या माणसाला तसं असता येणार नाही, कारण गणवेशाने माणूस उभा कसा राहतो हे या जिल्ह्याने पाहिलं आहे.

दापोलीला आजही जुनी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेले पेन्शनर तिथे राहत आणि त्यांत कोकणातल्या महार सैनिकांची संख्या मोठी होती. ज्याची सावली गावात चालत नव्हती, त्याच्या अंगावर पलटणीची वर्दी चढली, छातीवर पदकं आली, आणि त्याच्या हाताखालच्याने त्याला सलाम करायचा हा लेखी नियम झाला. सुभेदार हा हुद्दा अंगावरच्या कपड्यावरून ओळखू येई. जातीने ओळखला जाणारा माणूस हुद्द्याने ओळखला जाऊ लागला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. लेखणी हातात घेऊन त्यांनी अस्पृश्यतेवर प्रहार केले, अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. वरवर ती नोकरीची मागणी होती. पण वर्दी गेली की आपल्या मुलांच्या अंगावर पुन्हा जातीचीच खूण येणार, ही धास्तीही त्यामागे असणार असं मला वाटतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच होते. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र १९४१ साल उजाडावं लागलं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडं नेसण्याची जी पद्धत लांबूनच जात सांगते ती सोडा, जे दागिने अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर आहेत ते उतरवा, स्वच्छ राहा आणि लुगडं इतर स्त्रिया नेसतात तसं पायघोळ नेसा, असं त्यांचं सांगणं होतं. आणि त्या बायांनी ते ऐकलं. लुगड्याचा काठ गुडघ्याशी असावा की घोट्याशी, हा तोवर गावाने घातलेला ड्रेस कोड होता. तो धुडकावण्यासाठी कपडाच हत्यार झाला. म्हणून ‘कपड्यात काय आहे, काम बघा’ असं कुणी सहज म्हणून गेलं की मला ते पटत नाही. ज्याला कपड्यावरून कधी हाकललं गेलं नाही त्यालाच असं म्हणणं परवडतं. आजही पाड्यावरचा, वाडीतला म्हातारा तहसील कचेरीत जाताना ट्रंकेतला धुवट सदरा काढतो, तो काही हौस म्हणून नाही. समोरचा आपल्याशी कसा बोलेल हे सदऱ्यावर ठरतं, हे त्याला ठाऊक असतं.

तेव्हा गणवेशाचं मोल मोठं आहे. तो समानता आणतो, कामावर कोण आहे हे लोकांना कळतं, आणि छातीवर नावाची पाटी असली तर अडवणूक कुणी केली हेही सांगता येतं. माझ्या मते नावाची पाटी हा गणवेशातला सर्वांत मोलाचा भाग आहे आणि वरच्या हुद्द्यांवर नेमका तोच आधी गळून पडतो.

आता एसटीकडे येऊ. रत्नागिरीच्या बसस्थानकातून संध्याकाळी सुटणाऱ्या वस्तीच्या गाड्या आठवा. घाटी-वळणं घेत गाडी रात्री आठ-नऊला शेवटच्या गावी पोचते. उतारू घरी जातात, चालक आणि वाहक गाडीतच राहतात. जुलैचा महिना असेल तर दिवसभराच्या चढ-उतारात, टपावरच्या पावसात, दारात उभं राहून घंटी मारण्यात वाहकाचा खाकी शर्ट दोनदा भिजून दोनदा अंगावरच सुकलेला असतो. रात्री तो काढून उभ्याने धरायच्या दांडीवर टाकायचा, पँट सीटच्या पाठीवर. खिडक्या बंद, आत दमट हवा, बाहेर संततधार. पहाटे साडेपाचला गाडी काढायची तेव्हा तोच ओलसर खाकी पुन्हा अंगात चढतो, छातीवर बिल्ला लागतो आणि ‘चला, पुढे सरका’ सुरू होतं. पायात दिवसभर ओले बूट, म्हणून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. जांघेत, काखेत गजकर्ण. गणवेश अपुरा दिसला तर तपासणी पथक नोंद करतं. तो कोरडा आहे की नाही हे विचारायला कुठलंच पथक येत नाही.

एसटीने २०१८ मध्ये तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांच्या काळात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची मदत घेऊन नवे, शिवून तयार गणवेश दिले. तोवर कापड मिळे आणि माणूस आपल्या मापाने शिवून घेई. हेतू चांगला होता, एवढ्या मोठ्या महामंडळाने आपल्या माणसांच्या कपड्यांसाठी नामांकित संस्थेकडे जावं ही अभिमानाचीच गोष्ट. पण लगेच मापाच्या आणि कापडाच्या तक्रारी सुरू झाल्या. नागपूरच्या उन्हात आणि गुहागरच्या पावसात एकच कापड, एकच शिलाई चालेल असं गृहीत धरलं की हे व्हायचंच. माझी सूचना साधी आहे: कोकणातल्या विभागांसाठी लवकर सुकणारं कापड आणि पावसाळ्यापुरता तिसरा जोड. आणि प्रत्येक आगारात, वस्तीच्या मोठ्या गावांतही, कपडे वाळवायची एक गरम खोली.

वाळवण्याची खोली ही मागणी कुणाला चैनीची वाटेल. पण देश स्वतंत्र झाल्यावर पुढच्याच वर्षी झालेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात ती होती. त्याच्या ४२व्या कलमात कामगारांसाठी धुण्याची सोय होती. ४३व्या कलमात कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवायला जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय यांसाठी राज्यांना नियम करता येत. २२व्या कलमात चालू यंत्रावर काम करणाऱ्याने घट्ट बसणारे कपडे घालावेत असं होतं, आणि तिथेच कंसात लिहिलं होतं की ते कपडे मालकाने पुरवायचे. मला हा कंस फार आवडतो. कायदा लिहिणाऱ्याने अट घातली आणि त्याच दमात खर्च कुणाचा तेही ठरवून टाकलं. वर्दीच्या प्रत्येक हुकुमात असा एक कंस हवा.

केंद्राने हे तत्त्व काही प्रमाणात पाळलं आहे. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून रेल्वेच्या ट्रॅकमनला वर्षाला ५,००० रुपये आणि केंद्रीय रुग्णालयांतल्या परिचारिकांना महिन्याला १,८०० रुपये गणवेश भत्ता ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हा भत्ता २५ टक्क्यांनी वाढतो, अशी तरतूदही केली. पण रत्नागिरीच्या एटीएमसमोर, इस्पितळाच्या दारात, एमआयडीसीच्या फाटकावर बारा-बारा तास उभा असणारा सुरक्षारक्षक कुठल्या आयोगात बसत नाही. एजन्सी त्याला वर्दी देते आणि पहिल्या-दुसऱ्या पगारातून तिचे पैसे कापून घेते, ही तक्रार या धंद्यात सर्रास ऐकू येते. तीन महिन्यांत नोकरी सुटली तर दुसऱ्या एजन्सीची वर्दी वेगळ्या रंगाची, पुन्हा नवे पैसे. ज्या कपड्यावर एजन्सीचं नाव विणलेलं आहे, जो त्याला नोकरीबाहेर कुठे घालताही येत नाही, तो त्याने स्वतःच्या भाकरीतून विकत घ्यायचा. याला कुठल्याही अंगाने न्याय म्हणता येत नाही.

धुण्याचा प्रश्न लोट्यात गेलं की आणखी गंभीर होतो. खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथला कंत्राटी कामगार ज्या कपड्यांत पाळी करतो त्याच कपड्यांत घरी जातो. ती पँट, तो शर्ट घरच्या मोरीत, पोराच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतो. धुणारी बहुतेक वेळा त्याची बायको असते. तिला कारखान्याने ना हातमोजे दिलेले, ना त्या डागांत काय आहे ते सांगितलेलं. अमेरिकेने शिशाच्या कामाबाबत १९७८ मध्येच नियम केला की कामाचे कपडे मालकाने पुरवायचे, धुऊनही मालकानेच द्यायचे, आणि ते अंगावर घेऊन कुणी घरी जायचं नाही. त्यामागचं शहाणपण सरळ आहे, कारखान्यातलं विष उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आपल्याकडे वर्दीची चर्चा इस्त्रीपाशी थांबते आणि खरी जोखीम बादलीत असते.

ज्या ठिकाणी कपड्यामागचं कारण अंगाशी किंवा अन्नाशी जोडलेलं असतं, तिथे माणसं कडक नियमही मनापासून पाळतात. मिरजोळे एमआयडीसीतल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांत जाऊन पाहावं. राणी माशाची सुरिमी होते तिथे बर्फगार पाण्यात हात घालून बाया रांगेने उभ्या असतात. डोक्यावर केस पूर्ण झाकणारी टोपी, तोंडाला मास्क, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट, हातमोजे. आत शिरण्याआधी बांगड्या, कानातलं, नखांचा रंग सगळं उतरवायचं. लग्न झालेल्या बाईने हातातल्या हिरव्या बांगड्या काढून पिशवीत ठेवायच्या, ही कोकणात हलकी गोष्ट नाही. घरी सासूला ते समजवावं लागतं. पण काचेचा एक तुकडा मालात गेला तर सबंध कंटेनर परत येतो, हे एकदा नीट सांगितलं की बाया तो नियम समजून घेतात आणि नव्याने आलेल्या मुलीला स्वतःच शिकवतात. मात्र तिथेही विचारायला हवं की गमबूट तिच्या पायाच्या मापाचा आहे का, मोज्याच्या आत कोरडा सुती मोजा आहे का, दागिने ठेवायला कुलपाचा कप्पा आहे का. बाजारात मिळणारे गमबूट बहुतेक पुरुषी मापाचे. सैल बुटात ओल्या फरशीवर बाई पडली तर तिचं काम जातं.

कोकण रेल्वेच्या मान्सून गस्तीचं केशरी जाकीटही असंच. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीजवळ घसरली. त्यानंतर दरडींना जाळ्या आल्या, पावसाळ्यात वेग कमी झाला, गस्त वाढली. रात्री घाटातून, बोगद्यांच्या तोंडाशी रुळांवरून चालणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या असतात, कारण इंजिन चालकाला तो दिसला पाहिजे. तिथे दिसणं म्हणजे जिवंत राहणं. त्याच्या रेनकोटाची शिवण उसवली असेल तर तो रेल्वेने त्याच दिवशी बदलावा, एवढी किंमत त्या कपड्याला आहे.

आणि मग अशी ठिकाणं आहेत जिथे अंगाला कपड्याची खरी गरज आहे आणि कुणीच हुकूम काढत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरातून सुटणाऱ्या ट्रॉलरवरचे खलाशी पाहा, त्यांतले कितीतरी नेपाळहून आलेले, पोहायला न येणारे. बोटीत लाइफ जॅकेट असतं, परवाना तपासणीपुरतं, केबिनमध्ये कोंबलेलं. जाळं ओढताना ते अडतं म्हणून कुणी घालत नाही, आणि घालून काम करता येईल असं हलकं जॅकेट मालक घेत नाही. हापूसच्या बागांत मोहोर आला की एचटीपी पंपाने फवारणी सुरू होते. झाडाच्या उंचीपर्यंत वर मारलेला फवारा वाऱ्याने खाली, फवारणाऱ्याच्याच अंगावर येतो. त्याचं संरक्षण म्हणजे तोंडाला गुंडाळलेला टॉवेल आणि मळका फुल शर्ट. यवतमाळमध्ये २०१७च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा काही दिवस संरक्षक किटची चर्चा झाली. कोकणातल्या बागांपर्यंत ती नीट पोचलीच नाही. पेटीवर बागेचं नाव छापायला, आत गवत पसरून फळ सजवायला पैसे असतात. पिकवणाऱ्याच्या नाकातोंडासाठी साधा गाळणी-मास्क घ्यायला नसतात. साहेबाच्या टेबलाशी बसणाऱ्याच्या टी-शर्टवर बंदी आणि विष फवारणाऱ्याच्या उघड्या तोंडावर मौन, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

पूर्वी कोकणातला कुणबी कामाचा कपडा स्वतः ठरवी. लावणीच्या पावसात पाठीवर पानांचं इरलं, खाली गुडघ्यावर खोचलेलं लुगडं किंवा लंगोटी. वाकून लावणी करता यावी, पाणी पाठीवरून निथळावं, चिखल सहज धुता यावा, हे हिशेब त्यात होते. तो कपडा गबाळा म्हणून हिणवला गेला, पण हवामानाशी त्याचं भांडण नव्हतं. इरलं परत आणा असं मी म्हणत नाही. कामाचा कपडा काम करणाऱ्याला विचारून ठरवावा, एवढाच त्यातला बोध मी घेतो. भलतीकडचं हवामान अंगावर वागवणारा पोशाख पाहायचा तर मे महिन्यात जिल्हा न्यायालयात जावं. काळा कोट आणि पांढरा बँड, घामाने डबडबलेले वकील. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नसावी अशी सोय नियमांत आहे, आणि मे २०२० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच दूरदृश्य सुनावणीसाठी कोट-गाऊन बाजूला ठेवून पांढरा शर्ट किंवा साडी आणि बँड पुरेसा मानला. न्यायाची प्रतिष्ठा त्याने तसूभर कमी झाली नाही. जपानसारख्या शिष्टाचारप्रिय देशाने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली. उन्हाळ्यात कचेऱ्यांचं तापमान २८ अंशांवर ठेवायचं आणि टाय-कोट उतरवायचे. सुरुवात मंत्र्यांनी स्वतः टाय काढून केली, म्हणून ती खाली झिरपली.

आपल्याकडे नियम वरून खाली येतो आणि त्याचा भार खाली जाता जाता वाढतो. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने शिक्षकांसाठीही पोशाख ठरला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत स्कूटी लावून, पुढचा सडा पायी तुडवत, पऱ्ह्या ओलांडून जाणाऱ्या बाई साडीचं टोक कमरेला खोचतात आणि कोरडी साडी प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर नेतात. दोन खोल्यांच्या शाळेत ती बदलायची कुठे? पोरं बाहेर व्हरांड्यात थांबतात, बाई वर्गाचं दार लोटून घेतात. पुरुषाचा शर्ट खोचलेला नसेल तर एक शेरा, बाईचा दुपट्टा नसेल तर चार शेरे आणि तिच्या वळणावर गावभर चर्चा, हा फरकही या नियमांत दडलेला आहे. पोशाखाच्या शिस्तीचं ओझं बाईवर नेहमी जास्त पडतं, कारण तिच्या कपड्यावर मत द्यायचा हक्क प्रत्येकाला आपला वाटतो. त्या शाळेत दार लागणारी, कडी असलेली, दोरी बांधलेली एक खोली बांधायला फार पैसा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात पुढच्या वर्षी तेवढी एक ओळ यावी, आणि पोशाख तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी त्या खोलीचं दार लागतं का ते पाहावं.